छातीतलं एकतिसावं पान

माणसाला एखादा छंद असावा, हे सगळेच सांगतात. एका घरात दोन छंद असले तर त्यांचा कच्चा माल एक नसावा, हे मात्र कुणी सांगत नाही. काकूंना आणि मास्तरांना कुणी ते वेळेवर सांगितलं असतं, तर मास्तरांच्या छातीला एकतीस भोकं पडली नसती.

मास्तर म्हणजे काकूंचे यजमान. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. नकाशे जपून ठेवायची सवय हाडीमाशी खिळलेली. निवृत्तीनंतर शाळेचे नकाशे शाळेत राहिले, तेव्हा मास्तरांनी स्वतःचेच एक्स-रे जमवायला घेतले. डावा गुडघा, उजवा गुडघा, मान समोरून, मान बाजूने. प्रत्येक फिल्म आपापल्या पाकिटात, पाकिटावर तारीख आणि अवयव, आणि सगळी पाकिटं कपाटाच्या खालच्या कप्प्यात. दुसऱ्यांकडे पाहुण्यांना फोटोंचा अल्बम दाखवतात. इथे पाहुण्याने चहाचा कप खाली ठेवला रे ठेवला की मास्तर त्याला खिडकीपाशी उभं करून मानेचा चौथा मणका दाखवायचे. काकूंना ते मणके ऐकून ऐकून पाठ झाले होते, आणि त्यांचा वीटही आला होता.

काकूंचा छंद शुभेच्छा कार्डं करायचा. जाड कागद, शाईची पॅडं, स्पंजचे तुकडे आणि साचे. साचा म्हणजे पातळ तक्ता, त्यात फुलापानांच्या आकाराची भोकं. तो कागदावर चिकटपट्टीने पक्का बसवायचा, स्पंजला शाई लावायची, त्यातली निम्मी रद्दी कागदावर टिपून टाकायची आणि मग कडेकडून आत, गोल गोल, हलक्या हाताने फिरवायची. जरा जोर झाला की शाई साच्याखाली शिरते आणि गुलाबाला मिशा फुटतात. काकूंच्या गुलाबाला कधी मिशा फुटल्या नाहीत. पानाच्या देठाशी हिरवा आणि टोकाशी निळा, आणि मध्ये एक रंग कुठे संपतो नि दुसरा कुठे सुरू होतो ते शोधून दाखवा. कोपऱ्यावरचा वह्या-पेनांचा दुकानदार ती कार्डं काउंटरवर मांडायचा आणि ती खपायचीही. मास्तर मात्र या सगळ्याला ‘कागदाला रंग फासणं’ म्हणायचे. म्हणोत बापडे.

अडचण एकच होती. दुकानातले साचे चार वेळा पुसले की कडांनी मुडपायचे. मग एके दुपारी मास्तर झोपलेले असताना काकूंनी गुडघ्याची एक फिल्म सहज हातात घेतली, वाकवून पाहिली, तिच्या कोपऱ्यातून कटर फिरवून पाहिला, आणि त्यांना अगदी भरून आलं. ना जाड, ना पातळ. पातं लोण्यातून जावं तसं जात होतं. शाई पुसली की फिल्म पुन्हा नवीच्या नवी. एवढं अप्रतिम सामान कपाटात पंधरा वर्षं पडून होतं, आणि हा माणूस त्यातून लोकांना मणके दाखवत होता.

याला चोरी म्हणणं जरा जड होईल. काकू फक्त अधली मधली, मास्तर ज्यांचं नावही काढत नसत अशा फिल्म काढायच्या आणि पाकिटात त्याच मापाचा पुठ्ठा सरकवून ठेवायच्या. फिल्म कपड्यांच्या ब्लीचमध्ये बुडवली की वरचा काळा थर निघून जाई आणि काचेसारखा तक्ता हाती येई. अशी दोन कोपरं, एक घोटा आणि एक जबडा कामी आले.

सहा महिन्यांपूर्वी पाळी आली छातीची. फिल्म आठ वर्षांची, आणि तिच्या रिपोर्टात ‘विशेष काही नाही’ एवढंच लिहिलेलं. ज्या फिल्ममध्ये काही आजार नाही ती मास्तरांच्या लेखी नापास. ती त्यांनी कधी कुणाला दाखवली नव्हती. काकूंना मात्र ती बघताक्षणी आवडली, कारण ती सगळ्यात मोठी होती. तिला त्यांनी ब्लीचमध्येही घातलं नाही. म्हटलं, राहू दे, धुरकट निळसर दिसते तेच छान आहे. सरळ तिच्यावर एक फांदी काढली आणि तीन दुपारी बसून तिची एकतीस पानं कापली. कापून निघालेली पानंही टाकली नाहीत. पान कागदावर ठेवून भोवतीने शाई फिरवायची, उचललं की पांढरं पान उरतं. असं एका कापणीत दोन कामं होतात, म्हणून ती मास्तरांच्याच गोळ्यांच्या रिकाम्या डब्यात, लहानमोठी निवडून, नीट ठेवली.

आणि मग मास्तरांचा खोकला आला.

खोकला साधा होता, पण तीन आठवडे हलेना. नेहमीच्या डॉक्टरांनी मोठ्या दवाखान्यात तपासायला पाठवलं, तिथल्या तरुण डॉक्टरांनी नवा एक्स-रे काढला, उजेडाच्या खोक्यावर लावला आणि पेनाने उजवीकडे खाली एक छोटं वर्तुळ काढलं.

“इथे एक डाग दिसतोय. घाबरू नका,” ते म्हणाले, आणि घाबरू नका म्हटल्यावर काकू घाबरल्या. “बऱ्याचदा जुना व्रण असतो. तुमची आधीची छातीची फिल्म आहे का? तिच्यात हाच डाग एवढाच असेल तर विसरून जा. नसेल तर स्कॅन करू, मग सुईने तुकडा काढून तपासावा लागेल.”

“आहे ना,” मास्तर म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणी डॉक्टर त्यांच्याकडे आपणहून जुनी फिल्म मागत होता. “आठ वर्षांपूर्वीची. पाकिटात घालून ठेवलीय.”

“मग प्रश्नच मिटला. परवा घेऊन या.”

काकूंच्या तोंडचं पाणी पळालं. जिथे ती फिल्म काढली होती ते केंद्र बंद पडून तिथे आता बुटांचं दुकान आलं होतं, म्हणजे दुसरी प्रतही नाही. बसमध्ये त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. मास्तरही काही बोलत नव्हते, आणि तेच जास्त भीतीचं होतं. नुसती करंगळी मुरगळली तरी समोरच्या सीटवरच्या माणसाला सांगणारा हा माणूस. आज शेजारी ओळखीचे गृहस्थ बसले, “काय मास्तर, कसं काय?” म्हणाले, तर मास्तर म्हणाले, “मजेत.”

खोटं दुखणं माणूस गावभर सांगतो आणि खरं आलं की मूग गिळून बसतो, हे काकूंना त्या दिवशी कळलं.

घरी येऊन मास्तर थेट कपाटापाशी गेले. काकूंनी आधी लेकीला फोन लावला, “असशील तशी ये,” एवढंच सांगितलं आणि मग खोलीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. मास्तरांनी पाकिटातून पुठ्ठा बाहेर काढला होता. तो ते उलटा करून, सुलटा करून बघत होते.

“अहो,” काकू म्हणाल्या, “ती मी कापली.”

“काय कापली?”

“तुमची छाती.”

काकूंनी शाईच्या सामानातून साचा आणून त्यांच्या हातात दिला. मास्तरांनी तो सवयीने खिडकीकडे धरला. बरगड्यांच्या मधून एक झोकदार फांदी वर गेली होती आणि तिच्या दोन्ही अंगांनी पानापानांतून बाहेरचं आभाळ दिसत होतं. कडांना हिरवी शाई, निळी शाई, एका ठिकाणी थोडा जांभळा.

मास्तर रागावले असते तर काकूंना बरं वाटलं असतं. ते पलंगावर बसले आणि फक्त म्हणाले, “जबडाही गेला का गं?”

“गेला.”

“बरं.”

त्या ‘बरं’ने काकूंच्या काळजाचं पाणी झालं. त्यांनी उसनं अवसान आणलं. “रडत बसायचं नाही. एकूण एक पान माझ्याकडे आहे. मी काही टाकत नाही, तुम्हाला माहीत आहे.”

लेक धापा टाकत आली तेव्हा आईबाबा जमिनीवर मांडी घालून बसले होते, मध्ये काचेचा टीपॉय, टीपॉयच्या खाली उजेडासाठी टेबललँप, आणि काचेवर बाबांची छाती. आई चिमट्याने एकेक पान उचलून भोकात बसवत होती.

“हे काय चाललंय?” लेक म्हणाली.

“तुझे बाबा जोडतोय,” काकू म्हणाल्या. “हात धुऊन बस. पाणी लागू द्यायचं नाही, वरचा थर सुटतो. शाई काढायची तर स्पिरिटने.”

लेकीला सगळी हकिगत कळायला पाच मिनिटं लागली आणि हसावं की ओरडावं हे ठरवायला आणखी दोन. मग तीही बसली. पानं दिसायला सगळी सारखी, पण काकूंनी ती हाताने कापलेली, त्यामुळे एकाचं भोक दुसऱ्याला होईना. तीनही माथी काचेवर टेकली. “हे बघ, यात बरगडीचा तुकडा आहे, हे डावीकडे,” मास्तर हळूहळू बोलू लागले. “नाही, उलटं धरलंस. हृदय इकडे.” शेवटी नकाशे वाचण्यातच त्यांचा जन्म गेला होता. तासाभरात त्यांनी एकट्याने बारा पानं बसवली.

तीस पानं बसली. डबा रिकामा झाला. एक भोक उरलं होतं, उजवीकडे, खाली.

लेकीने नवी फिल्म शेजारी धरली. पेनाचं वर्तुळ आणि ते भोक, अगदी एका जागी.

बाकीची तीस पानं सापडली काय आणि नाही काय, जे हवं होतं नेमकं तेच नव्हतं. काकूंनी डबा उलटा केला, टीपॉयखाली पाहिलं, कात्रणांची पिशवी जमिनीवर ओतली.

“आठवलं,” त्या म्हणाल्या. “ते मी एका कार्डावर चिकटवलं होतं. मधोमध, नुसतं एकच पान. प्रकाशात छान चमकायचं.”

“कोणाला दिलंस ते कार्ड?” लेकीने विचारलं. “दुकानात गेलं का?”

“नाही. ह्यांना दिलं. चाळीस वर्षं झाली लग्नाला, त्या दिवशी.”

लेक सुटकेने हसलीच. “मग झालं की. बाबांनी जपून ठेवलं असेल. बाबा, कुठाय?”

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “ठेवलंय ना,” ते म्हणाले. “घरातच आहे.”

“मग आणा की,” काकू म्हणाल्या.

मास्तर उठले आणि स्वयंपाकघरात गेले. आतून काहीतरी जड सरकवल्याचा आवाज आला. मग धपकन काहीतरी टेकलं, आणि फ्रीज घुंऽऽ करून वाजायला लागला. सहा महिन्यांपूर्वीपर्यंत तो असाच वाजायचा. मास्तरांनी तो आपल्या हाताने दुरुस्त केला म्हणून काकूंनी चार घरी त्यांचं कौतुक सांगितलं होतं.

मास्तर दारात आले. हातात चार घड्या घातलेलं कार्ड होतं, मधोमध एक गोल खड्डा.

“त्या आवाजाने तुझंच डोकं दुखायचं,” ते म्हणाले.

काकूंनी कार्डाकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं. ओठांवर पुष्कळ काही आलं होतं, चाळीस वर्षांचं सगळं एकदमच आलं होतं. पण आपणही या माणसाची छाती कापून तिच्या जागी पुठ्ठा ठेवला आहे, हे त्यांना त्याच वेळी आठवलं. त्यांनी फक्त हात पुढे केला.

“द्या इकडे. आणि हेअर ड्रायर आणा.”

डिंक चांगला होता, त्याचा आता पश्चात्ताप झाला. काकूंनी मागून ऊब देत देत, कटरच्या पात्याची बोथट बाजू पानाखाली सरकवली. लेकीने एकदा “मी करू का?” विचारलं, तर काकूंनी नुसतं पाहिलं. अर्ध्या तासाने पान सुटलं. त्याला मधून एक घडी पडली होती, एका टोकाला फ्रीजच्या पायाची अर्धी गोलाई उमटली होती आणि वरून हिरवी शाई. काकूंनी कापसाला स्पिरिट लावून हलकेच पुसलं. हिरवं निघालं, निळं निघालं. वाटाण्यापेक्षा लहान असा एक फिक्कट ठिपका मात्र निघेना.

“हाच तो डाग,” मास्तर म्हणाले.

“गंज पण असेल, फ्रीजच्या पायाचा,” लेक म्हणाली.

“शाईही मुरली असेल,” काकू म्हणाल्या.

कुणालाच खात्री देता येईना. डाग नको म्हणून माणसं देव पाण्यात घालून बसतात. इथे तिघंही जीव मुठीत धरून विनवत होती, की बाबा रे, तू डागच असू दे. काकूंनी पान एकतिसाव्या भोकात बसवलं, सगळ्या फिल्मला मागून पारदर्शक चिकटपट्टी लावली आणि पाकिटावरची तारीख तपासून पाकिटात घातली.

परवाच्या दिवशी तिघं गेली, तेव्हा डॉक्टरांनी ती खोक्यावर लावली, दिवा लावला, आणि थांबले. मास्तरांची छाती हिरवी, निळी, जांभळी उजळली होती. डॉक्टर एक पाऊल मागे सरले. मग पुढे झाले. मग त्यांनी चष्मा वर करून पाहिलं.

“हे कुणी केलं?”

“मी,” काकू म्हणाल्या. लपवून उपयोग नव्हता. “साचा केला होता. आता परत जोडलाय. एकही पान इकडचं तिकडे नाही, यांनी स्वतः बसवलीत.”

डॉक्टरांनी खाली वाकून त्या पानावर भिंग धरलं. “आणि हा गोल?”

“फ्रीजचा पाय,” मास्तर म्हणाले.

डॉक्टरांनी मान हलवली, जणू रोज दोन-चार जण असे येतातच. त्यांनी मोजपट्टी काढली. नव्या फिल्मवरचं वर्तुळ मोजलं, पानावरचा ठिपका मोजला. पुन्हा नवं मोजलं, पुन्हा जुनं मोजलं. काकूंनी मास्तरांची बाही पकडली होती आणि ते त्यांना माहीतही नव्हतं.

“शाई नाही, गंजही नाही,” डॉक्टर म्हणाले. “फिल्मच्या आतलाच आहे. आणि आठ वर्षांत तसूभरही वाढलेला नाही. जुना व्रण आहे, काका. खोकला नुसता खोकला आहे. औषध देतो.”

काकूंचा जीव भांड्यात पडला. मास्तरांनी डॉक्टरांना दोनदा थँक्यू म्हटलं. “ही फिल्म मात्र आता कापू नका,” तिघं निघताना डॉक्टर म्हणाले. मग जरा थांबून, आवाज खाली आणून, त्यांनी काकूंना विचारलं की आणखी कुठल्या अवयवाचे साचे आहेत.

लेक रिक्षा आणायला गेली. दोघं बाहेरच्या लांब बाकावर बसली. समोर फरशी पुसणारी बाई बादली सरकवत गेली.

“मला फार भीती वाटली होती,” मास्तर म्हणाले.

“मलाही.”

“तू तर दोन दिवस रागातच होतीस.”

“भीती वाटली की मी रागावते. चाळीस वर्षांत एवढंही लक्षात आलं नाही तुमच्या?”

मास्तरांनी खिशातून ते कार्ड काढलं. पान निघाल्यामुळे मधोमध डिंकाचा नुसता ओरखडा राहिला होता. त्यांनी चारही घड्या उलगडून मांडीवर हाताने सारख्या केल्या. मग कार्ड उघडलं. त्या दिवशी त्यांनी ते उघडलंच नव्हतं, वरूनच ‘छान आहे’ म्हटलं होतं. आत काकूंनी हिरव्या शाईने लिहिलं होतं: स्वतःचं सगळं एवढं जपून ठेवता, त्यातच हेही ठेवा.

मास्तर त्या एका ओळीकडे खूप वेळ बघत राहिले.

“वाचलंत?” काकूंनी विचारलं.

“चष्मा घरी राहिलाय,” मास्तर म्हणाले. “घरी गेल्यावर वाचतो.”

चष्मा त्यांच्या नाकावर होता. काकू “बरं,” म्हणाल्या.